नावाची किंमत

फ्रान्सच्या दक्षिणेस, आव्हिन्यों शहराजवळ, ऱ्होन नदीच्या परिसरात शातोनफ-द्यु-पाप नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील तांबडे द्राक्षमद्य भारदस्तपणाबद्दल जगभर विख्यात आहे. पेल्यात ते गडद माणकासारखे दिसते. पिकलेल्या फळांच्या वासामागून मिरीचा आणि ओव्याची आठवण करून देणाऱ्या रानवनस्पतींचा दरवळ येतो. जिभेवर प्रथम ऊब जाणवते, मग तुरटपणा. आणि घोट उतरल्यावरही चव बराच वेळ रेंगाळते. ही चव निसर्गाची देणगी आहे, यात शंका नाही. परंतु ती केवळ निसर्गाची आहे असे मानणे चूक ठरेल.

गावाच्या नावाचा अर्थ 'पोपचा नवा किल्ला' असा आहे. चौदाव्या शतकात पोपचे आसन रोमऐवजी आव्हिन्योंस होते, तेव्हा बाविसाव्या जॉनने येथे किल्ला बांधविला. भोवतालच्या अनेक मळ्यांत वेलींच्या पायाशी माती दिसतच नाही. दिसतात ते नदीने युगानुयुगे घासून गुळगुळीत केलेले गोटे. दिवसाची उष्णता ते साठवून ठेवतात, तर मिस्ट्राल नावाचा कोरडा वारा घडांवरील ओल टिकू देत नाही.

एवढे वैभव असूनही विसाव्या शतकाच्या आरंभी या गावाचे नाव भलत्याच मालावर खपत होते. १९२३ मध्ये बागायतदार कायद्याचे जाणकार बॅरन ल र्‍वा यांच्या नेतृत्वाखाली संघटित झाले. त्यांनी भेसळ करणाऱ्यांविरुद्ध केवळ ओरड केली नाही. प्रथम स्वतःलाच बंधने घालून घेतली. जमीन कोणती, द्राक्षांच्या जाती कोणत्या, हे ठरले. मद्यार्क साडेबारा टक्क्यांहून कमी नसावा, असेही ठरले. १९३६ मध्ये या नावास राष्ट्रीय संरक्षण मिळाले. आजही तेथे तोडणी हातानेच होते आणि हेक्टरी उत्पादनाची मर्यादा अवघी ३५ हेक्टोलिटर आहे.

आता मात्र निसर्गच बदलू लागला आहे. वाढत्या उन्हाने द्राक्षे लवकर पिकतात, त्यांतील साखर वाढते आणि मद्यार्क १५ टक्क्यांपर्यंत सहज जातो. पूर्वी किमान मर्यादा गाठण्याची चिंता होती. आज अतिरेक टाळण्याची आहे. अशा वेळी ग्रेनाशसारख्या गोड जातीच्या जोडीला पूर्वजांनी राखलेल्या, आंबटपणा टिकवून धरणाऱ्या गौण जातींचे मोल नव्याने कळू लागले आहे.

भारतानेही १९९९ मध्ये भौगोलिक मानांकनाचा कायदा केला. कायदा नावाचे रक्षण करतो. पत निर्माण करीत नाही. अधिक पिकविणे शक्य असताना कमी पिकविण्याचा संयम ज्यांनी दाखविला, त्यांच्याच गावाचे नाव जगाने लक्षात ठेवले, हा त्या पेल्यातील खरा अर्क होय.