एका ‘नाही’वर उभे राहिलेले पक्ष

एखादा पक्ष झपाट्याने वाढतो आणि तितक्याच झपाट्याने विरूनही जातो, असे का व्हावे? हा प्रश्न युरोपच्या अलीकडच्या राजकारणात जितका कुतूहलाचा आहे, तितकाच तो आपल्या खानदेशाच्याही जवळचा आहे. म्हणून आधी दूरचे उदाहरण पाहू आणि मग तापीकाठी येऊ.

युरोपीय संघातील सत्तावीस राष्ट्रांनी संघाचा कारभार नव्याने आखण्यासाठी २००७ साली लिस्बन येथे एक करार केला. इतर देशांत तो संसदांनीच मंजूर करावयाचा होता. आयर्लंडने मात्र तो लोकांपुढे ठेवला. तेथे डेक्लन गॅनली या उद्योगपतींच्या ‘लिबर्टास’ संघटनेने कराराविरुद्ध रान उठविले. इतरही विरोधक होतेच. जून २००८ मध्ये शेकडा ५३ मतदारांनी ‘नाही’ म्हटले आणि सारा युरोप चकित झाला.

या यशाच्या भरात गॅनली यांनी लिबर्टासचा देशोदेशी उमेदवार उभे करणारा पक्ष बनविला. आपला विरोध युरोपच्या ऐक्याला नसून लोकांना न विचारता चालणाऱ्या कारभाराला आहे, असे ते सांगत. परंतु जून २००९ च्या निवडणुकीत युरोपीय संसदेच्या ७३६ जागांपैकी एकच पक्षाच्या हाती आली. तीही फ्रान्समधील फिलिप द व्हिलिए यांची, आणि त्यांचा स्वतःचा पक्ष तेथे आधीपासूनच होता. गॅनली स्वतः पराभूत झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, काही हमी मिळाल्यानंतर, आयर्लंडने तोच करार शेकडा ६७ मतांनी स्वीकारला. आयरिश मतदाराची शंका एक, फ्रेंच मतदाराची दुसरी. या निरनिराळ्या नकारांची एक मोट बांधणे लिबर्टासला साधले नाही.

आता आपल्याकडे वळू. संयुक्त महाराष्ट्र समिती ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात स्थापन झाली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठी व गुजराती मुलूख एकत्र करून विशाल द्वैभाषिक राज्य अस्तित्वात आले, आणि या राज्याला ‘नाही’ म्हणण्यासाठी कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, जनसंघ असे एरवी एका पंक्तीला न बसणारे पक्ष एकत्र आले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण उडाली. त्या वर्षी जनसंघाला साऱ्या देशात लोकसभेच्या चारच जागा मिळाल्या; त्यांतील एक आपल्या धुळ्याची, उत्तमराव पाटील यांची. पूर्व खानदेशातून नौशेर भरुचा अपक्ष म्हणून निवडून आले. ते पारशी होते. परंतु मराठी राज्याच्या लाटेत मतदाराने उमेदवाराची मातृभाषा पाहिली नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

गंमत अशी की, सीमेपलीकडे इंदुलाल याज्ञिकांची महागुजरात जनता परिषदही याच द्वैभाषिकाला ‘नाही’ म्हणत होती. राज्य मोडावे, यावर दोघांचे एकमत. पण डांग कोणाचा, हे विचारताच दोघांची तोंडे दोन दिशांना!

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. लिबर्टास हरून संपली, समिती मात्र जिंकून संपली. ज्या प्रश्नाने सर्वांना एकत्र आणले तोच सुटल्यावर शेती, कारखानदारी, चीन या बाबतींतले जुने मतभेद वर आले आणि समिती फुटली. १९६२ साली विधानसभेच्या २६४ जागांपैकी २१५ काँग्रेसला मिळाल्या. मराठी राज्य आणल्याचे पुण्य समितीचे. ते चालविण्याचा अधिकार लोकांनी यशवंतराव चव्हाणांच्या पक्षाला दिला. यात लोकांची कृतघ्नता नव्हती. कापसाचा भाव, पाटाचे पाणी, गावची शाळा यांविषयी समितीचे एकमुखी उत्तर त्यांना ऐकू येत नव्हते.

तरी सगळेच प्रश्न सुटले होते का? डांग गुजरातेत गेला. पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा व तळोदा या तालुक्यांतील दीडशेहून अधिक गावेही गेली. तापीवरील नियोजित उकाई धरण हे त्यामागचे एक मोठे कारण. त्या गावांतील भिल्ल, गावित, कोकणा माणसे बोलत ती बोली ना पुण्याची होती, ना अहमदाबादची. भाषेच्या नावाने राज्य विभागले गेले. पण ज्यांची भाषा दोन्हीकडच्या पाठ्यपुस्तकांत नव्हती, त्यांची बाजू मांडणारी संघटित शक्ती तेव्हा विरत चालली होती. एकाच प्रश्नासाठी जमलेले लोक पांगले की त्याची किंमत सीमेवरच्या माणसाला मोजावी लागते.

नकाराचे मोल आम्ही कमी मानीत नाही. त्या नकारासाठी शंभरावर माणसांनी प्राण दिले. मात्र उद्या कोणी आपल्यापाशी ‘नाही’चे मत मागावयास आला, तर ते देण्यापूर्वी आपण त्याला एवढे अवश्य विचारावे, की हा नकार जिंकल्यावर दुसऱ्या दिवशी तुम्ही सारे एकत्र राहाल काय, आणि कशासाठी?