मोहरचे मीठ आणि भाईंदरचे मीठ

मीरा रोडच्या एका बारावीच्या विद्यार्थिनीने विचारले आहे, ‘परमँगनेटच्या टायट्रेशनला मोहर्स सॉल्ट घेतात, त्यातला मोहर कोण? आणि तिन्ही रीडिंग सारखीच का यावी लागतात?’

दुसरे आधी. सारखी येऊ शकतात, यावीच लागतात असे नाही. थेंब साधारण 0.05 मिलिलिटरचा, ब्युरेटवरचे सर्वांत लहान घर 0.1 मिलिलिटरचे. एखाद्या घराचा फरक पडला तर काही बिघडत नाही. अख्ख्या वर्गाच्या जर्नलांत 9.8, 9.8, 9.8 अशीच ओळ दिसली, तर मात्र तिसरे रीडिंग शेजारच्याच्या वहीतून आले असे खुशाल समजावे.

आता मोहर. कार्ल फ्रीडरिश मोहर (1806–1879) हा जर्मनीतल्या कोब्लेंझचा औषधविक्रेता. त्याच्या आधी गे-ल्युसॅकची ब्युरेट हातात धरून तिरकी करावी लागे, चोचीतून थेंब पाडत. मोहरने नळी स्टँडला उभी बांधली, खाली रबराचा तुकडा आणि त्यावर चिमटा लावला. हात मोकळा झाला आणि फ्लास्क हलवता येऊ लागला. 1855 साली त्याने टायट्रेशनवर ग्रंथही लिहिला. याच गृहस्थाने 1837 मध्ये उष्णता ही गतीच आहे आणि शक्ती एका रूपातून दुसऱ्यात जाते, असे मांडले होते. श्रेय पुढे मायर, जूल, हेल्महोल्ट्झ यांना मिळाले. मोहर उरला तो फिकट हिरव्या स्फटिकांच्या बाटलीवर. हा अन्यायच.

पण भाईंदरकरांसाठी त्याची खरी देणगी निराळी आहे. 1856 मध्ये त्याने पाण्यातले क्लोराइड मोजण्याची पद्धत दिली. पाण्यात पोटॅशियम क्रोमेटचे दोन-चार थेंब टाकायचे आणि ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट सोडायचे. भाईंदरहून सुटणारी लोकल आठवा. चांदीचा प्रत्येक कण म्हणजे एक रिकामी सीट, आणि ती पटकावतो क्लोराइड. क्रोमेट बिचारा दाराशी उभा. शेवटचा क्लोराइड बसला, की पुढची सीट क्रोमेटला मिळते आणि पिवळ्या पाण्यात विटकरी झाक उमटते. तिथे चावी बंद!

गंमत म्हणजे गे-ल्युसॅकने 1832 मध्ये नेमके उलटे केले होते. नाण्यांतली चांदी किती शुद्ध, हे ठरवायला त्याने मोजून मिठाचे पाणी ओतले. आधी मिठाने चांदी मोजली गेली, मग चांदीने मीठ. 1901 मध्ये डेन्मार्कच्या मार्टिन क्नुडसेनने तक्ते प्रसिद्ध केल्यावर तर जगभरचे समुद्रशास्त्रज्ञ कित्येक दशके सिल्व्हर नायट्रेटनेच समुद्राची क्षारता काढत राहिले.

आणि आपल्याकडे? रेल्वेच्या खिडकीतून मिठागरे दिसतात, पलीकडे वसईची खाडी. उल्हास नदी तिथूनच समुद्राला मिळते, त्यामुळे पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडसर होते आणि उन्हाळ्यात पुन्हा खारट. मग शाळा-कॉलेजांत बाटलीतल्याच द्रावणांवर का भागवायचे?

सिल्व्हर नायट्रेट महाग, हे खरे. पण हिशेब करून पाहा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 19 ते 20 ग्रॅम क्लोराइड. ते पाणी 25 पट विरळ करून 10 मिलिलिटर घेतले, तर 0.02 मोलर द्रावण 11 मिलिलिटरच्या आसपास लागते, म्हणजे एका रीडिंगला जेमतेम 40 मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट. ही पद्धत आम्लात चालत नाही. खाडीचे पाणी बहुधा किंचित अल्कधर्मी असते, तीही सोय झाली.

शिक्षकांना विनंती एवढीच: जानेवारीत, मेमध्ये आणि ऑगस्टमध्ये खाडीच्या एकाच ठिकाणचे पाणी मुलांकडून मोजून घ्या, आणि रीडिंग जुळली नाहीत तरी तशीच लिहू द्या. क्रोमेट विषारी आहे, ते शिक्षकांनीच ड्रॉपरने टाकावे. उरलेले द्रावण बेसिनमध्ये न ओतता वेगळ्या बरणीत साठवावे.