‘जाणता राजा’ पाहताना सुरतकरांनी काय पाहावे?



बाबासाहेब पुरंदरे यांचे ‘जाणता राजा’ हे महानाट्य १९८५ साली रंगमंचावर आले आणि पुढे त्याचे हजाराहून अधिक प्रयोग झाले. २०१८ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यावरही ते झाले. सुरतेतील आपल्यापैकी अनेक कुटुंबांनी मुलाबाळांसह, प्रसंगी परगावी जाऊन, ते पाहिले असेल.

नाट्यगृहातल्या नाटकापेक्षा याची रीत निराळी. उघडे मैदान, अनेक मजली रंगमंच, दोनशेच्या आसपास कलावंत, खरे हत्ती, घोडे, उंट. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचावेत म्हणून संवाद आधीच ध्वनिमुद्रित केलेले असतात आणि नट त्यावर अभिनय करतात. त्यामुळे चेहऱ्यावरचे बारकावे इथे शोधू नयेत. हालचाल, गर्दी आणि दृश्य पाहावे. राज्याभिषेकाच्या प्रसंगाला मैदान उभे राहते, ते याच दृश्याच्या बळावर.

परंतु आपल्या मुलांना शेजारचा मित्र एक प्रश्न हमखास विचारतो : “तुमच्या राजाने आमचे सुरत लुटले ना?” पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिल्यावर ‘तुमचा राजा’ही आपला आणि ‘आमचे सुरत’ही आपलेच. मग उत्तर काय द्यावे?

उत्तर कारणापासून सुरू करावे. शाहिस्तेखानाच्या फौजेने तीन वर्षे पुणे प्रांत उजाड केला होता, स्वराज्याचा खजिना रिता झाला होता. सुरत हे मोगलांचे सर्वांत धनवान बंदर. जानेवारी १६६४ मध्ये महाराज आले. सुभेदार इनायतखान शहर वाऱ्यावर सोडून किल्ल्यात दडला. ऑक्टोबर १६७० मध्ये पुन्हा स्वारी झाली.

एवढ्यावर थांबू नये. कापुचिन पाद्री ॲम्ब्रोज यांच्या मठाला हात लावला नाही, हे बर्नियर या फ्रेंच प्रवाशाने लिहिले आहे. त्याच वेळच्या इंग्रजांच्या पत्रांत जळणारी घरे आणि कैद्यांचे तोडलेले हात आहेत. वीरजी व्होरांसारख्या व्यापाऱ्याच्या पेढीवर आलेले संकटही खरेच. दोन्ही नोंदी मुलांना सांगाव्यात. एक सांगून दुसरी लपवली, तर शेजाऱ्याच्या तोंडून दुसरी कळते आणि मग पहिलीवरचाही विश्वास उडतो.

पहिल्या स्वारीनंतर मोगलांनी सुरतेला पक्का तट घालायला घेतला. आज तट नाही, पण आपल्या कतारगामकडे जाताना ‘कतारगाम दरवाजा’ हे नाव रिक्षावाल्याच्याही तोंडी आहे. तटाच्या आत राहणारे आणि बाहेरून येणारे, दोघांचीही आठवण त्या नावात आहे.

म्हणून महानाट्य जरूर पाहावे, जयजयकारही मोकळ्या गळ्याने करावा. घरी परतताना मात्र मुलांना त्या दरवाजाच्या वाटेने आणावे आणि उरलेली गोष्ट तिथे सांगावी. ती सांगणे नाटककाराचे काम नव्हते. ते आपले, सुरतकरांचे आहे.