तपास ‘वैमानिकाच्या चुकी’पाशी थांबू नये

नाशिक विभागाच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या चोपडा तालुक्यातील वर्डी शिवारात १६ जुलै २०२१ रोजी एक प्रशिक्षण विमान कोसळले. शिरपूर येथील वैमानिक प्रशिक्षण संस्थेचे हे विमान होते. प्रशिक्षकाचा मृत्यू झाला आणि शिकाऊ वैमानिक तरुणी गंभीर जखमी झाली. त्या डोंगराळ मुलखात वाहन पोहोचणे कठीण, म्हणून आसपासच्या आदिवासी स्त्री-पुरुषांनी लुगड्याची झोळी केली आणि तिला तेथून हलविले. या माणुसकीचे कौतुक झाले, ते योग्यच होते. परंतु विमान का पडले, या प्रश्नाचा पाठपुरावा तितक्याच आस्थेने करण्याची सवय आपल्या समाजाला अद्याप लागलेली नाही, हेही मान्य केले पाहिजे.

महाराष्ट्रात अशा घटना विरळा नाहीत. २६ एप्रिल २०१७ रोजी गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून निघालेले एक प्रशिक्षण विमान नदीपात्रावरून ओढलेल्या तारेवर आदळले आणि त्यात प्रशिक्षक व विद्यार्थिनी अशा दोघांचा अंत झाला. २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात एक सेसना विमान कोसळले. त्यातून एकटीने उड्डाण करणारी बावीस वर्षांची तरुणी सुदैवाने वाचली. १८ मार्च २०२३ रोजी बिरसीहून उडालेले आणखी एक विमान बालाघाटच्या डोंगरात पडून दोघे दगावले. अशी बातमी आली की आपण ती दोन कप्प्यांपैकी एकात टाकतो. एका कप्प्यावर ‘तांत्रिक बिघाड’ असे लिहिलेले असते आणि दुसऱ्यावर ‘वैमानिकाची चूक’. कप्पा एकदा ठरला की जिज्ञासा संपते. वास्तविक शोध तेथूनच सुरू व्हावयास हवा.

गोंदियाचेच उदाहरण घ्या. विमान फार खाली होते, असे म्हणून वैमानिकाला जबाबदार धरणे सोपे आहे. पण ते इतके खाली का आले? प्रशिक्षण क्षेत्रातील अडथळ्यांची नोंद असलेला नकाशा संस्थेकडे होता काय? बारीक तार वरून दिसत नाही, मग तिच्यावर रंगीत गोळे लावण्याची जबाबदारी कोणाची? कमी उंचीवरील उड्डाणावर संस्थेची देखरेख कशी असते? यांतील प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरातून पुढच्या एखाद्या विद्यार्थ्याचे प्राण वाचू शकतात. ‘चूक झाली’ एवढ्या निष्कर्षाने कोणाचेही वाचत नाहीत.

अवशेषांची साक्ष

लहान विमानाच्या तपासात एक मूलभूत अडचण असते. मोठ्या प्रवासी विमानात उड्डाणाची माहिती आणि वैमानिकांचे संभाषण टिपणारी यंत्रे बसविलेली असतात. त्यांनाच आपण ‘ब्लॅक बॉक्स’ म्हणतो. ५,७०० किलोंहून हलक्या विमानांवर त्यांची सक्ती सर्वसाधारणपणे नसते. काही नव्या प्रशिक्षण विमानांतील विद्युत्-पडदे थोडीबहुत माहिती साठवतात, परंतु काट्यांच्या घड्याळी उपकरणांवर चालणाऱ्या जुन्या विमानात तेही नाही. तेव्हा बोलका साक्षीदार उरतो तो अवशेषांचा.

ही साक्ष वाचण्याचे एक शास्त्र आहे. पंख्याची पाती पिळवटलेली आणि आडव्या ओरखड्यांनी भरलेली असतील, तर आदळताना इंजिन जोराने फिरत होते असे समजतात. एखादे पाते सरळ राहिले असेल, तर इंजिन मंदावले किंवा बंद पडले होते काय, हे तपासावे लागते. झाडांच्या फांद्या कोणत्या उंचीवर छाटल्या गेल्या आणि जमिनीवर पहिला चर कोठे पडला, यावरून उतरण्याचा कोन काढता येतो. टाकीतील इंधनाचा आणि ते ज्या साठ्यातून भरले त्याचाही नमुना घेतात, कारण इंधनात शिरलेले थोडे पाणी इंजिन बंद पाडण्यास पुरेसे असते.

काही पुरावा तर डोळ्यांदेखत नाहीसा होतो. जुन्या पद्धतीच्या इंजिनात कार्ब्युरेटर असतो. हवा दमट असली की बाहेर वीस-पंचवीस अंश तापमान असतानाही त्याच्या आत बर्फ धरू शकतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. विमान पडते, बर्फ वितळतो, आणि अधिकारी पोहोचेपर्यंत इंजिन निर्दोष दिसू लागते. अशा वेळी त्या दिवशीच्या आर्द्रतेची नोंद, बिनतारी संदेशातील शेवटचे शब्द आणि ‘आवाज अडखळत होता’ असे सांगणारा गुराखी यांचे मोल फार असते. जखमींना सोडवण्यापुरते वगळता अवशेष हलवू नयेत असा नियम आहे, तो याचसाठी. घटनास्थळी जमणाऱ्या गर्दीला आणि प्रथम पोहोचणाऱ्या पोलीस पाटलाला हे कोणी समजावून सांगितले आहे काय?

कारणाचा शोध आणि दोषाचा शोध

१९४४ च्या शिकागो करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना उभी राहिली. त्या कराराच्या तेराव्या परिशिष्टात अपघात-तपासाचे एकमेव उद्दिष्ट सांगितले आहे, ते म्हणजे पुढील अपघात टाळणे. दोष ठरविणे अथवा शिक्षा देणे हे काम पोलीस आणि न्यायालये यांचे. दोन्ही एकत्र आले की माणसे तोंड मिटतात. परवाना जाईल या भीतीने यंत्रज्ञ सांगत नाही, नोकरीच्या भीतीने प्रशिक्षक सांगत नाही, आणि कारण गाडले जाते.

आपल्याकडे २०१२ पर्यंत हे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयच पाहत असे. संस्थांना मान्यता देणारे, त्यांची तपासणी करणारे आणि अपघातानंतर चौकशी करणारे कार्यालय एकच! त्या वर्षी विमान अपघात अन्वेषण विभाग वेगळा झाला, ही इष्ट सुधारणा होय. तथापि हा विभाग आणि महासंचालनालय दोन्ही एकाच मंत्रालयाच्या छत्राखाली आहेत. चौकशीचे बोट कधी देखरेख करणाऱ्या यंत्रणेकडेच वळले तर ते थरथरू नये, यासाठी या विभागाला अधिक स्वायत्तता मिळाली पाहिजे.

नाशिकचा संबंध

हा विषय नाशिककरांना परका नाही. ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘एचटीटी-४०’ या प्राथमिक प्रशिक्षण विमानाच्या उत्पादनाची नवी शाखा सुरू झाली. या विमानामागे एक दुःखद इतिहास आहे. त्याच्या आधीचे ‘एचपीटी-३२’ हे विमान १९८० च्या दशकापासून हवाई दलाच्या शिकाऊ वैमानिकांच्या हाती होते. हवेतच इंजिन बंद पडण्याची तक्रार त्याच्या पाठीस लागली होती. सतरा अपघातांत एकोणीस वैमानिक गेल्यावर आणि जुलै २००९ मध्ये दोन अनुभवी प्रशिक्षकांचा बळी पडल्यावरच ते कायमचे जमिनीवर आणले गेले. संकटात आसनासह बाहेर फेकले जाण्याची सोय त्यात नव्हती. ‘एचटीटी-४०’ मध्ये ती आहे. ४ जून २०२४ रोजी निफाड तालुक्यात शिरसगावच्या शेतात सुखोई कोसळले, तेव्हा दोन्ही वैमानिक अशाच सोयीमुळे बचावले, हे येथील लोकांनी जवळून पाहिले आहे.

एकेक अपघात सुटा पाहिला तर तो दैवाचा घाला वाटतो. सतरा अपघात शेजारी मांडले की त्यातून एक आकृती दिसू लागते. ती सतराव्याऐवजी पाचव्या वेळी दिसावी, एवढ्यासाठी तपास करावयाचा असतो.

म्हणून काही गोष्टी तातडीने व्हावयास हव्यात. लहान विमानांचे चौकशी अहवाल ठरलेल्या मुदतीत प्रसिद्ध व्हावेत आणि त्यांचा मराठी सारांश संबंधित जिल्ह्यात उपलब्ध असावा. प्रत्येक प्रशिक्षण संस्थेत ते अहवाल अभ्यासक्रमाचा भाग म्हणून शिकविले जावेत. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. पावसाळ्यात बुडालेले तास भरून काढण्याची घाई, कर्जाचे ओझे आणि थकवा यांचा विचारही चौकशीत व्हावा. जेथे उड्डाणाचे वर्ग चालतात तेथील पोलीस व महसूल कर्मचाऱ्यांना अवशेष जपण्याचे शिक्षण मिळावे.

ओझरला तयार होणाऱ्या विमानांत उद्या विशी-बाविशीतील मुलेमुली बसतील. शिरपूर, गोंदिया आणि इंदापूरच्या आकाशात आजही बसत आहेत. आपल्याआधी पडलेल्या विमानाचे नेमके कारण काय होते, हे जाणून घेण्याचा त्यांना अधिकार आहे. तो त्यांना पहिल्या उड्डाणापूर्वीच मिळाला पाहिजे.