आपली गल्ली, आपला फोटो



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची मीटिंग होती. हप्ते जमा झाले, रजिस्टरवर सह्या झाल्या आणि उठता उठता एक ताई म्हणाल्या, "लेक विचारते, आई, तू लहानपणी कुठं राहायचीस ते दाखव. काय दाखवू? चाळ पडली, तिथं टॉवर झाला. फोटो एकही नाही."

आम्ही सगळ्यांनी आपापले मोबाईल चाळले. देव होते, वाढदिवस होते, नातवंडं होती. पण आपली गल्ली, आपला नळ, आपली पिठाची गिरणी कुणाच्याच मोबाईलमध्ये नव्हती. म्हणून आज याच विषयावर बोलूया.

देवनारचे फोटो कुणी काढलेच नाहीत असं नाही. जानेवारी २०१६ मध्ये डंपिंगला आग लागली, तेव्हा तो धूर उपग्रहाच्या फोटोतसुद्धा दिसला होता. आपल्याकडे कॅमेरे आले ते असे, काही वाईट घडलं की. पण पहाटे उठून भंगार वेगळं करणारी बाई, बकरी ईदच्या आधी भरणारा बकऱ्यांचा बाजार, गोवंडी स्टेशनबाहेरची भाजीवाली, हे रोजचं देवनार कोण टिपणार?

आणि आपल्या भागाला इतिहास नाही असं समजू नका. कुर्ल्याहून चेंबूरला येणारी रेल्वे १९०६ साली टाकली ती कचरा वाहण्यासाठी. प्रवासी तिच्यात बसायला लागले ते १९२४ पासून. देवनारचं डंपिंग १९२७ चं. इथला कत्तलखाना १९७१ साली सुरू झाला. शहराला जे जवळ नको होतं ते इकडे आलं, आणि ते सांभाळणारी माणसंही इकडेच राहिली. ती माणसं म्हणजे आपण.

बदल व्हायला वेळ लागत नाही. चेंबूरचा आर. के. स्टुडिओ १९४८ पासूनचा. २०१७ मध्ये तिथं आग लागली, पुढे जागाही विकली गेली. त्याची आठवण सिनेमांमध्ये तरी राहिली. आपल्या चाळीवर कोण सिनेमा काढणार?

हे काम बाकीच्यांनीही केलं आहे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात बेंजामिन स्टोन नावाचे गृहस्थ होते. जुने रीतिरिवाज, जुन्या इमारती नाहीशा होण्याआधी त्यांचे फोटो काढून ठेवावेत, म्हणून त्यांनी १८९७ साली एक संस्थाच उभी केली. आपल्याकडे होमाई व्यारावाला या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीला त्यांनी मुंबईचं रोजचं जगणं टिपलं; पण ते फोटो छापले गेले नवऱ्याच्या नावानं. आणि सुधारक ओलवे यांनी मुंबई पालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले, तेव्हा लोकांना ते काम जवळून दिसलं. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता आपण काय करायचं ते सांगतो. भारी कॅमेरा लागत नाही.

आधी मोबाईलची काच पदराने पुसा. सकाळी किंवा संध्याकाळी फोटो काढा. तेव्हा ऊन तिरपं असतं आणि चेहरा स्पष्ट येतो. ऊन आपल्या पाठीकडून येऊ द्या. एक फोटो लांबून काढा, म्हणजे जागा कळेल. एक जवळून काढा, म्हणजे हातातलं काम कळेल.

माणसाचा फोटो काढायचा तर आधी विचारा. "नको" म्हटलं की नको. लहान मुलांसाठी त्यांच्या आईला विचारा. तुर्भ्याच्या बाजूला अणुसंशोधन केंद्र आहे, तेलाचे कारखाने आहेत. जिथं फोटो काढायला मनाई आहे तिथं मोबाईल पिशवीतच ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लिहून ठेवा. तारीख, जागा, कोण आहे, काय चाललं आहे. रजिस्टर लिहायची सवय आपल्याला आहेच, तशीच एक वही करा. वीस वर्षांनी नाव-तारीख नसलेला फोटो पाहून कुणाला काय कळणार? मोबाईल हरवतो, बिघडतो; म्हणून निवडक फोटो छापून घ्या आणि दुसऱ्या एकीच्या मोबाईलवरही ठेवा. आणि दरवर्षी त्याच जागी उभ्या राहून पुन्हा एक फोटो काढा. काय गेलं, काय आलं, आपोआप दिसेल.

त्या ताईंचं काय झालं विचाराल. आम्ही चौघी त्यांच्याबरोबर त्या टॉवरजवळ गेलो. चाळीचं काहीच उरलं नव्हतं, फक्त गेटाशेजारचं पिंपळाचं झाड होतं. ताई म्हणाल्या, "इथंच आमचा नळ होता." झाडाखाली त्यांना उभं करून फोटो काढला, छापला आणि मागे त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, "माझी जागा." खाली तारीख घातली. लेकीनं तो कपाटाच्या दारावर लावला आहे.

या आठवड्यात तुम्हीही एक फोटो काढा, वहीत दोन ओळी लिहा आणि पुढच्या मीटिंगला घेऊन या. नमस्कार!