व्यायाम करणाऱ्यांचा आहार

व्यायाम करणाऱ्यांचा आहार म्हणजे नियमित धावणे, कुस्ती, कबड्डी, वजन उचलणे यांसारख्या श्रमांसाठी लागणारी ऊर्जा, प्रथिने, पाणी व क्षार पुरविणारा आहार. तो अपुरा पडल्यास पूरक पदार्थांचा आधार घेतला जातो. चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी व लगतचा गडचिरोली जिल्हा हा धानाचा प्रदेश असल्याने येथील आहाराचा पाया भात हा आहे.

ऊर्जा

श्रमाच्या वेळी स्नायू प्रामुख्याने त्यांच्यात साठलेले ग्लायकोजेन वापरतात. हा साठा कर्बोदकांपासून बनतो. त्यामुळे ताकद वाढविण्यासाठी भात वर्ज्य करणे चुकीचे आहे. शेजारच्या नागभीड तालुक्यातील नांदेड येथील शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी निवडलेला ‘एचएमटी’ हा बारीक तांदूळ याच परिसरातला. वाळलेली मोहफुलेही शर्करायुक्त असतात.

प्रथिने

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार सामान्य प्रौढास शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. नियमित कठोर व्यायाम करणाऱ्यांसाठी साधारणपणे १.२ ते १.६ ग्रॅम हे प्रमाण मानले जाते. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीस ७२ ते ९६ ग्रॅम. ३०० ग्रॅम तांदळातून सुमारे २३, १०० ग्रॅम डाळीतून २२, अर्धा लीटर दुधातून १६, दोन अंड्यांतून १२ आणि ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून ७ ग्रॅम, अशी एकूण ८० ग्रॅम प्रथिने मिळतात. अंडी न खाणाऱ्यांना ३५ ग्रॅम सोयाबीनमधून जवळपास तेवढीच प्रथिने मिळतात. तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी, तर डाळींत मेथिओनिन कमी असते. वरण-भात एकत्र खाल्ल्याने ही उणीव परस्पर भरून निघते. गावतलावांतील मासे हाही प्रथिनांचा उत्तम स्रोत आहे.

लाखोळी डाळ

धानाच्या बांधीतील ओलीवर घेतल्या जाणाऱ्या लाखोळीच्या दाण्यात प्रथिने भरपूर असतात. मात्र त्यात ‘ओडॅप’ हे मज्जातंतूंना अपायकारक द्रव्यही असते. दुष्काळासारख्या स्थितीत महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न झाल्यास पाय कायमचे लुळे पडू शकतात. या विकारास लॅथिरिझम म्हणतात. १९६१ साली केंद्रीय नियमांनी तिच्या विक्रीस मनाई करण्यात आली. पुढे रतन, प्रतीक, महातिवडा असे ओडॅप कमी असलेले वाण विकसित झाले. डाळ भिजवून, भरपूर पाण्यात शिजवून ते पाणी टाकल्यास ओडॅप बरेच घटते, पूर्णपणे नष्ट होत नाही. म्हणून प्रथिनांसाठी केवळ याच डाळीवर विसंबणे धोक्याचे ठरते.

पाणी व सिकलसेल

येथील उन्हाळा अतिशय कडक असतो. घामावाटे पाण्यासोबत मीठही जाते. व्यायामापूर्वी व नंतर वजन करून किती पाणी गेले हे समजते. ही घट वजनाच्या २ टक्क्यांहून अधिक होऊ नये. दीर्घ श्रमानंतर मीठ घातलेले ताक किंवा लिंबू-मीठ-साखरेचे पाणी उपयुक्त असते.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. या आजाराच्या केवळ वाहक असलेल्या व्यक्ती एरवी निरोगी दिसतात. तथापि उन्हात, पाण्याविना, एकाएकी अतिश्रम केल्यास त्यांच्या स्नायूंना गंभीर इजा होऊन प्राणावर बेतू शकते. भरतीसाठी धावण्याचा सराव करणाऱ्यांनी रक्ततपासणी करून घेणे, श्रम हळूहळू वाढविणे व तहान दडपू नये हे महत्त्वाचे आहे. सिकलसेलच्या रुग्णांनी लोहाच्या गोळ्याही वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नयेत.

पूरक पदार्थ

पनीर किंवा चीज करताना निघणाऱ्या निवळीतील प्रथिने वेगळी करून वाळविली की ‘व्हे’ भुकटी तयार होते. तिच्यातील प्रथिने मूळची दुधाचीच असतात. सोय हाच तिचा मुख्य लाभ होय. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत शरीर कमावण्यासाठी प्रथिन-भुकट्या टाळण्याचा सल्ला दिला आहे. क्रिएटिन रोज ३ ते ५ ग्रॅम घेतल्यास अल्पकाळच्या जोरकस श्रमांत काही वाढ होते; मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ते वैद्याला विचारूनच घ्यावे.

सुट्या किंवा अनोळखी डब्यांतील भुकट्यांत स्टेरॉइडांची भेसळ असू शकते. खेळाडूच्या नमुन्यात निषिद्ध द्रव्य आढळल्यास ते अजाणता घेतले असले तरी जबाबदारी त्याचीच मानली जाते. भारतात अशा डब्यांवर अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक असणे आवश्यक आहे.