कडक पथ्य आणि फुटबॉलपटूचे पाय

भात-भाकरी सोडली की खेळाडू चपळ होतो, ही समजूत फुटबॉलच्या मैदानावर टिकत नाही. व्यावसायिक खेळाडू सामन्यात साधारण 10 ते 12 किलोमीटर अंतर कापतो. त्यातल्या जोरदार धावा स्नायूंत साठलेल्या ग्लायकोजेनवर होतात आणि ते मुख्यतः पिष्टमय अन्नातून बनते. म्हणून युरोपीय फुटबॉल महासंघाच्या तज्ज्ञगटाने सामन्याच्या दिवशी दर किलो वजनामागे 6 ते 8 ग्रॅम कर्बोदके सुचवली. 70 किलोच्या खेळाडूला ती 420 ते 560 ग्रॅम होतात. पथ्यात हाच वाटा आधी छाटला जातो. उपासमार लांबली तर संप्रेरके बिघडतात, हाडे कमकुवत होऊन त्यांना बारीक तडे जाऊ शकतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या ऊर्जा-तुटीवर स्वतंत्र निवेदनच काढले.

मग मुंबई सिटीकडून खेळलेल्या सुनील छेत्रीने मांसाहार सोडला, तरी तो चाळिशीपर्यंत कसा खेळला? एका खेळाडूवरून नियम ठरत नाही, हे खरेच. पण मांसाहार सोडणे म्हणजे कमी खाणेही नव्हे. शिवाय प्रत्येक दुखापत ताटातून येत नाही. जुनी इजा, अपुरी झोप, सामन्यांची गर्दी यांचा वाटा मोठा असतो. उधवा, तलासरी, डहाणूकडची नाचणीची भाकरी, भात, डाळ आणि सुकी मासळी खेळाडूच्या आहाराच्या गरजेच्या पुष्कळ जवळ जाते. नाचणीत तर 100 ग्रॅममागे सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. इथल्या होतकरू खेळाडूंनी आहारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय ती सोडू नये.